डिस्टिल्ड आणि डीएम, टीडीएस मीटरवर दोन्ही शून्य. मग फरक कशाचा?

प्रयोगनळी

एका छोट्या चाचणी प्रयोगशाळेसाठी पाण्याची सोय नव्याने लावायची आहे. सध्या काचेचा डिस्टिलेशन सेट आहे, शिवाय डीएम (डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या) पाण्याचे कॅन बाहेरून येतात. रोज साधारण २५ लिटर लागतं. वापर असे:

- काचसामान शेवटचं खंगाळणं, बफर, नेहमीची द्रावणं
- एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारा द्रव
- एएएसवर (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) सोडियम, कॅल्शियम आणि शिसं
- टेबलावरचा छोटा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारा)
- यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या

नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ३२० पीपीएम, जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात १८०. पाण्यात क्लोरीन असतं.

टीडीएस मीटरने सगळी पाणी तपासली. आरओचं ९ आलं, डिस्टिल्ड आणि डीएम दोन्ही ०००. म्हणजे ही दोन्ही एकच समजायची का? अल्ट्राप्युअर म्हणतात ते या शून्याच्या खाली आणखी काय काढतं? एकच चांगली यंत्रणा बसवून सगळीकडे तेच पाणी वापरावं, की कामागणिक वेगळं ठेवावं?

आयनबदल

या प्रश्नापुरतं टीडीएस मीटर बाजूला ठेवा. ते क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्या वाहकतेला ०.५ ते ०.७ मधल्या एका ठरावीक आकड्याने गुणून पीपीएम दाखवतं. त्याची सर्वांत लहान पायरी १ पीपीएमची. त्यामुळे वाहकता १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असो की ०.०५५, पडद्यावर शून्यच येणार. २५ अंश सेल्सिअसला अगदी निर्भेळ पाण्याची वाहकता ०.०५५ असते, कारण पाण्याचे स्वतःचेच थोडे आयन असतात. हाच आकडा उलटा करून १८.२ मेगोहम-सेंमी असा लिहितात, आणि अल्ट्राप्युअरच्या यंत्रावर तो दिसतो.

दुसरा मुद्दा याहून मोठा. ज्या घाणीतून पाण्यात फारसे आयन सुटत नाहीत ती वाहकतेच्या मीटरला दिसतच नाही. जिवाणू, त्यांचे एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष), अल्कोहोल, प्लास्टिकमधून उतरलेले पदार्थ, यांपैकी काहीही असलं तरी शून्य येऊ शकतं. सिलिकाही फार दुबळं आम्ल असल्याने जवळजवळ लपूनच राहते.

म्हणून पाणी 'किती शुद्ध' यापेक्षा 'कशापासून शुद्ध' हे विचारावं. प्रत्येक पद्धत वेगळी घाण काढते आणि वेगळी मागे ठेवते.

आरओ सगळ्यावर थोडा थोडा हात फिरवतं. क्षार ९५ ते ९९ टक्के, मोठे सेंद्रिय रेणू, कण, जिवाणू, बरंच काही अडतं. पण विरघळलेले वायू मेंब्रेनमधून सरळ पार जातात, त्यात कार्बन डायऑक्साइड मुख्य. बोरॉनही साध्या पीएचला नीट अडत नाही. आणि जे उरतं ते मूळ पाण्याच्या प्रमाणात उरतं: नळाचा टीडीएस दुप्पट झाला की आरओचाही साधारण दुप्पट होतो.

डीएम म्हणजेच डीआयोनाइज्ड. त्यात दोन प्रकारचं रेझिन, म्हणजे आयन बदलणारे बारीक मणी, असतं. एक धन आयन घेऊन हायड्रोजन आयन सोडतं, दुसरं ऋण आयन घेऊन हायड्रॉक्साइड सोडतं, आणि दोन्ही मिळून पाणी होतं. आयन काढण्यात याला तोड नाही. पण भार नसलेले सेंद्रिय पदार्थ आणि जिवाणू यातून जातात. एवढंच नाही, रेझिनच्या ओल्या मण्यांवर जिवाणू वाढतात, त्यामुळे बरेच दिवस बंद राहिलेल्या कॉलममधून येणारं पाणी वाहकतेने उत्तम आणि जिवाणूंच्या दृष्टीने नळाहून वाईट असू शकतं.

डिस्टिल्डमध्ये जे उडत नाही ते सगळं मागे राहतं: क्षार, सिलिका, जिवाणू, एंडोटॉक्सिन. जे पाण्याबरोबर किंवा आधी उडतं ते पुढे येतं. अमोनिया, क्लोरोफॉर्म, कार्बन डायऑक्साइड ही नेहमीची उदाहरणं.

अल्ट्राप्युअर ही वेगळी पद्धत नाही, साखळी आहे. आरओ किंवा डिस्टिलेशन, मग बारीक दर्जाचं मिक्स्ड बेड (दोन्ही प्रकार मिसळलेलं) रेझिन, १८५ आणि २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा, पुन्हा रेझिन, गरजेप्रमाणे अल्ट्राफिल्टर, शेवटी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. यातली २५४ ची किरणं जिवाणू मारतात आणि १८५ ची सेंद्रिय पदार्थ मोडतात. मोडल्यावर त्यांचे आयन होतात आणि ते पुढच्या रेझिनमध्ये अडकतात. म्हणून दिव्यानंतरही रेझिन लागतंच.

शुद्धतेची एकच शिडी नसते याचा पुरावा मानकांतच आहे. एएसटीएम डी११९३ या प्रयोगशाळेच्या पाण्याच्या मानकात टाइप २ पाण्याची वाहकता १.० पर्यंत चालते आणि टाइप ३ ची मात्र ०.२५ पर्यंतच. आकड्यावर गेलात तर टाइप ३ सरस वाटेल. पण टाइप २ मध्ये एकूण सेंद्रिय कार्बन ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भागांच्या) आत लागतो, टाइप ३ ला २०० चालतो. सिलिका टाइप २ ला ३ पीपीबी, टाइप ३ ला ५००. टाइप २ मूळ डिस्टिलेशनच्या पाण्यासाठी आखलेलं आहे, म्हणून हा फरक.

तुमचं डिस्टिल्ड आणि कॅनमधलं डीएम दोन्ही शून्य दाखवतात. त्यावरून दोन्हींत क्षार फारसे नाहीत एवढंच कळलं.

बाष्पपात्र

आयनबदल यांच्याशी सहमत, फक्त डिस्टिलेशनबद्दल थोडी भर. 'क्षार मागे राहतात' हे सेट नीट चालवला तरच खरं आहे. पाणी जोरात उकळलं की बारीक थेंब वाफेबरोबर उडून कंडेन्सरमध्ये जातात आणि त्या थेंबांत मूळ पाण्यातले सगळे क्षार असतात. डिस्टिल्ड पाण्याची वाहकता अचानक वाढली तर आधी हेच बघा: फ्लास्क दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरलेला आहे का, उष्णता जास्त आहे का, फ्लास्कच्या गळ्यातला थेंब अडवणारा भाग जागेवर आहे का.

सुरुवातीचं १० टक्के पाणी टाकून द्यायचं. अमोनिया आणि हलके सेंद्रिय पदार्थ बहुतेक त्यातच येतात. शेवटचा पाचवा हिस्सा फ्लास्कमध्येच सोडायचा, तळ कोरडा पडेपर्यंत कधीच चालवायचं नाही.

१८० जडपणाचं पाणी थेट फ्लास्कमध्ये घालत असाल तर तापकावर पांढरा थर बसतच असणार. शिवाय पाण्यातले बायकार्बोनेट उकळताना फुटून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो वायू डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा विरघळतो. सेटला आरओचं पाणी दिलंत तर दोन्ही त्रास कमी होतील.

आणि एक हिशेब मांडतो, कारण तुमचा निर्णय त्यावर बराच अवलंबून राहील. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल आणि त्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. मिळून ०.७१ युनिट वीज. ही झाली आदर्श स्थिती, प्रत्यक्षात जास्तच. २५ लिटरला रोज १८ युनिटांच्या पुढे. कंडेन्सरचं पाणी ५० अंशांनी तापू दिलं तरी लिटरमागे ११ लिटर थंड पाणी वाहून जातं, म्हणजे रोज पावणेतीनशे लिटर. छोटं आरओ लिटरमागे तीन लिटर टाकतं असं धरलं तर ७५ लिटर. पंचवीस लिटर रोजचे असतील तर डिस्टिलेशन मुख्य यंत्रणा म्हणून परवडत नाही.

प्रयोगनळी

दोघांचेही आभार, थर बसतो हे अगदी बरोबर. म्हणजे आरओ आणि पुढे डीएम. मग आरओ कशाला, नळाचं पाणी थेट डीएम कॉलममधून काढलं तर? आणि डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ५.७ येतो, मीटर स्थिरही राहत नाही. पाणी बिघडलंय का?

आयनबदल

पीएच आधी. पाणी बिघडलेलं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की निर्भेळ पाण्याचा पीएच ५.६ ते ५.७ वर येतो आणि वाहकता १ मायक्रोसीमेन्सच्या आसपास. पाण्यात दुसरं काहीच नसल्याने एवढासा वायूही पीएच खाली ओढतो. त्याने आम्लता मात्र नगण्य वाढते, तुमच्या बफरला जाणवणारही नाही. मीटर हलतं कारण इतक्या कमी आयनांत इलेक्ट्रोडचं सर्किट नीट जुळत नाही. मोजायचाच असेल तर १०० मिली पाण्यात संपृक्त पोटॅशियम क्लोराइडचे ०.३ मिली घालून मोजा. आयएसओ ३६९६ या प्रयोगशाळेच्या पाण्याच्या मानकामध्येही ग्रेड १ आणि २ च्या पाण्याला पीएचची अट ठेवलेली नाही, फक्त ग्रेड ३ ला ५.० ते ७.५ आहे.

आता थेट डीएम का नको. मिक्स्ड बेड रेझिनची क्षमता लिटरमागे साधारण ०.५ इक्विव्हॅलंट (आयनांवरच्या एकूण भाराचं माप) धरा. तुमच्या ३२० पीपीएमच्या पाण्यात अंदाजे ५ मिलिइक्विव्हॅलंट आयन असतील. म्हणजे एक लिटर रेझिन १०० लिटरमध्ये संपलं. चार दिवस!

आधी आरओ लावून ९७ टक्के क्षार काढले तर लिटरमागे ०.१५ मिलिइक्विव्हॅलंट उरतात. कागदावर ३३०० लिटर मिळायला हवेत. तेवढे मिळत नाहीत, आणि रेझिन निकृष्ट निघालं असा समज इथेच होतो. कारण आरओमधून पार झालेला कार्बन डायऑक्साइड. तो १० पीपीएम असला तरी ऋण रेझिनवर आणखी ०.२३ मिलिइक्विव्हॅलंटचा भार पडतो, उरलेल्या क्षारांपेक्षाही जास्त. मिळून ०.३८. तेव्हा हजार ते तेराशे लिटर धरून चला. तरीही ते शंभराच्या दहापट आहे.

रेझिन संपतं तेव्हा काय होतं हेही समजून घ्या, एएएससाठी ते महत्त्वाचं आहे. सर्वांत सैल धरलेले आयन आधी सुटतात: ऋण बाजूला सिलिका, बोरेट आणि बायकार्बोनेट, धन बाजूला सोडियम. घट्ट बसणारे आयन मागून येऊन त्यांना ढकलून देतात. त्यामुळे संपत आलेल्या कॉलममधून काही काळ आत जाणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त सिलिका बाहेर पडू शकते, आणि वाहकता तेव्हा फारशी वाढलेली नसते. यावर उपाय दोन कार्ट्रिज एकामागे एक लावण्याचा. वाहकतेचा सेन्सर दोन्हींच्या मध्ये बसवायचा. पहिल्यानंतरची वाहकता १ च्या वर गेली की पहिलं काढायचं, दुसरं पहिल्याच्या जागी आणायचं आणि नवं दुसऱ्या जागी. शेवटच्या नळाला नेहमी ताज्या रेझिनमधून आलेलं पाणी मिळतं.

मेंब्रेनमित्र

आरओच्या बाजूने लिहितो, बिघाड बहुतेक इथूनच सुरू होतात.

क्रम असा ठेवा: ५ मायक्रॉनचा गाळ-फिल्टर, कार्बन ब्लॉक, आरओ मेंब्रेन, टाकी, पंप, दोन डीएम कार्ट्रिज, शेवटी ०.२ मायक्रॉन फिल्टर. दिवसाला ७५ गॅलनचं, म्हणजे २८४ लिटरचं मेंब्रेन २५ लिटरला भरपूर होतं. ती क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. पाणी एक अंशाने थंड झालं की उत्पादन जवळपास ३ टक्के घटतं. १५ अंशांच्या पाण्यावर धार बारीक झाली म्हणून मेंब्रेन बदलू नका.

कार्बनचं काम चव सुधारण्याचं नाही, मेंब्रेन वाचवण्याचं आहे. पॉलिअमाइडचं मेंब्रेन क्लोरीनने कायमचं खराब होतं. कार्बननंतरच्या पाण्यात मोकळं क्लोरीन ०.१ पीपीएमच्या आत हवं. डीपीडी गोळीने (क्लोरीन असेल तर गुलाबी रंग देणाऱ्या) दर पंधरवड्याला बघा, गुलाबी छटा दिसली की कार्बन बदला. आपल्या पाण्यात क्लोरीन आहे की क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग), हेही पाणीपुरवठ्याकडे विचारून घ्या. क्लोरामाइन साध्या कार्बनवर फार सावकाश मोडतं, त्यासाठी कॅटॅलिटिक कार्बन किंवा दोन ब्लॉक लागतात. मोडल्यावर सुटलेला अमोनिया काही प्रमाणात आरओ ओलांडतो आणि डीएमवर भार टाकतो.

नवा कार्बन बसवला की मेंब्रेनची नळी काढून पहिले काही लिटर बाहेर सोडा. काळी भुकटी मेंब्रेनमध्ये गेली की परत निघत नाही. नवं मेंब्रेनही परिरक्षकात भिजवलेलं येतं, पहिला तासभर येणारं पाणी टाकून द्या.

आणि जी गोष्ट सर्वांत जास्त नजरेआड होते ती: आरओ बंद असताना दोन्ही बाजूंचे क्षार मेंब्रेनमधून हळूहळू समान व्हायला लागतात. सकाळी सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी ९ ऐवजी ६०-७० पीपीएमचंही असू शकतं. तेच डीएम कार्ट्रिजमध्ये गेलं तर रेझिन उगाच संपतं. म्हणून आरओनंतर एक तीनमार्गी झडप ठेवा आणि सुरुवातीची पाच मिनिटं पाणी बाहेर काढा. त्याच कारणासाठी आरओ दिवसभर दहा-दहा मिनिटं चालू-बंद होऊ देऊ नका. एकदाच अडीच-तीन तास चालवून टाकी भरा.

डीएम कार्ट्रिज उभं आणि धार वरून खाली, नाहीतर मण्यांमधून वाट पडते आणि पाणी न बदलता निघून जातं. रेझिन कोरडं पडू देऊ नका, मणी तडकतात. गरम पाणीही नको. ऋण रेझिन उष्णतेने मोडतं आणि माशासारखा वास येतो. असा वास आला तर कार्ट्रिज बदलायचंच.

काचपात्र

टाकी आणि बाटल्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

इतकं निर्भेळ पाणी ज्यात ठेवाल त्यातून काही ना काही ओढून घेतं. काचेतून सोडियम, सिलिका आणि बोरॉन उतरतात. एएएसवर सोडियम बघत असाल तर ब्लँक (नमुना नसलेलं द्रावण) आणि मानक द्रावणं पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईच्या बाटल्यांत ठेवा, काचेत नको. एचपीएलसीला बरोबर उलटं. प्लास्टिकमधून सेंद्रिय पदार्थ उतरतात, तिथे काच हवी. दोन्हींना चालणारं एकच भांडं नाही, बाटल्यांवर ठळक लिहून वेगळ्या ठेवा. नळीला मऊ पीव्हीसी नको.

पितळ आणि तांबं डीएमच्या पुढे कुठेही येऊ देऊ नका, एखादा कनेक्टरही नाही. तुमच्या शिशाच्या चाचणीला तर पितळी फिटिंग घातकच, कारण पितळात बरेचदा शिसं मिसळलेलं असतं.

टाकी अपारदर्शक, झाकण घट्ट, श्वासनळीला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. डीएमचं पाणी टाकीत साठवायचं नाही. आरओचं साठवायचं आणि लागेल तेव्हा डीएममधून काढायचं. १८.२ चं पाणी बीकरमध्ये घेतलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काही मिनिटांत घसरू लागतं आणि शेवटी १ मेगोहमच्या आसपास येतं. म्हणूनच अशा पाण्याची वाहकता बीकरमध्ये प्रोब बुडवून मोजण्यात अर्थ नाही. सेन्सर वाहत्या नळीतच हवा.

बाष्पपात्र

एचपीएलसीचा मुद्दा राहिला. तिथे वाहकता दुय्यम आहे, सेंद्रिय कार्बन बघायचा. रिव्हर्स्ड फेज कॉलम (पाण्यापेक्षा सेंद्रिय पदार्थ धरून ठेवणारा) पाण्यातले सेंद्रिय पदार्थ गोळा करत राहतो आणि ग्रेडियंटमध्ये, म्हणजे पाणी कमी करत द्रावक वाढवताना, ॲसिटोनायट्राइल हा द्रावक वाढला की ते एकदम सोडतो. नमुना न टाकताही आलेखावर पीक (शिखरं) दिसतात.

दोष पाण्याचाच आहे का हे असं ओळखा. नमुना न टाकता एक ब्लँक ग्रेडियंट १० मिनिटं कॉलम स्थिर करून चालवा, दुसरा ४० मिनिटं करून. जास्त वेळ जलीय भाग वाहू दिल्यावर ती पीक त्या प्रमाणात उंचावली तर घाण जलीय बाजूने येतेय. उंची तीच राहिली तर इंजेक्टर किंवा ॲसिटोनायट्राइल तपासा.

या कामाला साधं डीएम पुरत नाही, रेझिनमधूनही सेंद्रिय पदार्थ सुटतात. रोज लिटर-दोन लिटरच लागत असेल तर एचपीएलसी दर्जाच्या पाण्याच्या बाटल्या घ्या. त्यासाठी यूव्ही दिव्याचं अल्ट्राप्युअर यंत्र बसवून त्याच्या कार्ट्रिज आणि दिवे सांभाळत बसणं मला पटत नाही. अल्ट्राप्युअर यंत्र रोज वापरात असलं तरच चांगलं पाणी देतं, बंद ठेवलं की आत जिवाणूंचा थर धरतो.

वाफारा

धाग्यात थोडं शिरते, विषय जवळचा आहे. घरी सीपॅप (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या) यंत्राचा ह्युमिडिफायर आणि एक अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर आहे. त्यात आरओचं पाणी चालेल का? एसीच्या नळीतून पडणारं पाणी डिस्टिल्डच असतं असं वाचलं, ते इस्त्रीत आणि यंत्रात घालावं का? आणि सॉफ्टनरचं पाणी?

मेंब्रेनमित्र

सॉफ्टनर आधी. तो क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम. एका कॅल्शियम आयनाचं वजन ४०, त्याच्या जागी दोन सोडियम येतात त्यांचं ४६. म्हणजे टीडीएस उलट किंचित वाढतो. अंघोळ, कपडे, गीझर यांना उत्तम. जिथे पाणी आटतं आणि अवशेष नको असतो तिथे नाही.

एसीचं पाणी वाफेपासूनच झालेलं असतं, पण ते तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून, खोलीतली सगळी धूळ धुऊन, शेवाळलेल्या पन्हाळीतून येतं. धातू, जिवाणू, बुरशी सगळं त्यात असतं. श्वासाशी संबंध असलेल्या कोणत्याही यंत्रात अजिबात नको. बॅटरीतही नको.

अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्याची वाफ करत नाही, बारीक थेंब उडवतं. थेंबात जे असेल ते हवेत जातं, क्षारांची पांढरी भुकटी आणि जिवाणूही. त्यात डिस्टिल्ड किंवा डीएमच घाला, आणि टाकी रोज रिकामी करून वाळवा. वातीवर बाष्पीभवन करणाऱ्या यंत्रात क्षार वातीवरच राहतात, तिथे आरओ चालतं. सीपॅपमध्ये तापवून बाष्पीभवन होतं, पण उत्पादक डिस्टिल्ड सांगतात ते टाकीत थर बसू नये म्हणून. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे. कालचं उरलेलं पाणी टाकून रोज नवं घ्यायचं.

इस्त्रीसाठी पुस्तिकाच प्रमाण माना, काही कंपन्या डिस्टिल्ड नको म्हणतात. एक अपवाद लक्षात ठेवा: इलेक्ट्रोडने पाणी तापवणारे किंवा इलेक्ट्रोडने पातळी ओळखणारे वाफेचे संच डीएम पाण्यावर चालतच नाहीत. पाण्यातून वीज वाहत नाही, मग यंत्र 'टाकी रिकामी' म्हणतं.

नाक धुण्यासाठी पाणी वापरत असाल तर आरओवर विसंबू नका, टाकीनंतर ते निर्जंतुक राहत नाही. सीलबंद डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी, नाहीतर खळखळून एक मिनिट उकळून गार केलेलं. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. इथे क्षारांचा प्रश्न नाही, नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाचा आहे. तो क्वचित आढळतो, पण नाकावाटे मेंदूत गेला तर बहुतेकदा जीव घेतो.

प्रयोगनळी

सगळं टिपून घेतलं. आता ऑटोक्लेव्ह आणि बॅटऱ्यांना ९ पीपीएमचं आरओ सरळ वापरू का? आणि यंत्रणा बसेपर्यंत जे कॅन येतात ते टीडीएस मीटरशिवाय तपासायचे कसे?

आयनबदल

९ पीपीएम म्हणजे तुमच्या मीटरच्या गुणकाप्रमाणे १३ ते १८ मायक्रोसीमेन्स. छोट्या ऑटोक्लेव्हसाठीच्या ईएन १३०६० मानकात पाण्याची वाहकता १५ पर्यंत सुचवली आहे. म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात, आणि सकाळचं पहिलं पाणी तर नक्कीच वर जाईल. पहिल्या डीएम कार्ट्रिजनंतर एक फाटा काढा, तेच पाणी ऑटोक्लेव्हला, बॅटरीला आणि काचसामानाला द्या. दुसऱ्या कार्ट्रिजनंतरचं फक्त एएएस आणि द्रावणांना.

बॅटरीत टीडीएसचा एकूण आकडा नव्हे, क्लोराइड आणि लोह महत्त्वाचं. क्लोराइड धन पट्टीची जाळी खातं. लोह दोन पट्ट्यांमध्ये ये-जा करत चार्ज आपोआप उतरवतं. पाणी आटतं, हे मात्र आत साठत राहतात, म्हणून थोडंसंही दर भरणीला वाढत जातं. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच पाणी घाला, पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये आम्ल वर येऊन सांडतं. वरून आम्ल कधी घालू नका.

कॅन तपासायला तीन चाचण्या पुरतात:

१. वाहकता. ०.१ पर्यंत दाखवणारं कंडक्टिव्हिटी मीटर घ्या. कॅन नुकता उघडून, न ढवळता. १ ते २ आलं तर हवेतल्या वायूचा परिणाम धरा. ५ च्या वर असेल तर परत पाठवा, आयएसओ ३६९६ च्या ग्रेड ३ ची मर्यादाच तेवढी आहे.

२. क्लोराइड. स्वच्छ परीक्षानळीत १० मिली पाणी, विरल नायट्रिक आम्लाचे ४-५ थेंब, मग ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचे ४-५ थेंब. काळ्या कागदासमोर धरा. पाच मिनिटांत दुधी झाक आली तर तो कॅन बॅटरीला नको. नळी आधी त्याच पाण्याने तीनदा खंगाळा. हात लागलेल्या नळीतही घामाच्या मिठाने झाक येते.

३. सेंद्रिय पदार्थ. १०० मिली पाण्यात १० मिली विरल सल्फ्युरिक आम्ल, त्यात ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटचे ०.१ मिली. पाच मिनिटं उकळा. फिकट गुलाबी रंग टिकला तर ठीक, उडाला तर पाण्यात ऑक्सिडीकरण होणारे पदार्थ आहेत. ही चाचणी ढोबळ आहे. यात पास झालेलं पाणीही एचपीएलसीला चालेलच असं नाही, पण कॅन खराब प्लास्टिकचा आहे किंवा आत शेवाळ धरलंय हे बरेचदा इथेच कळतं.

कॅन उघडल्याची तारीख त्यावर लिहा. त्यात पिपेट किंवा प्रोब बुडवू नका, लागेल तेवढं ओतून घ्या आणि उरलेलं परत टाकू नका.

प्रयोगनळी

आजच एक कॅन तपासला. वाहकता १.६, क्लोराइड नाही, पण परमँगनेटचा रंग तीन मिनिटांत उडाला. मीटरने याच कॅनला ००० दिलं होतं.

काचपात्र

आधी चाचणीची भांडी निर्दोष आहेत ना ते बघा. साबणाचा किंवा ॲसिटोनचा अंशही रंग उडवतो. तीच चाचणी तुमच्या सेटमधून आलेल्या डिस्टिल्डवर, पहिलं १० टक्के टाकून, त्याच फ्लास्कमध्ये करा. तिथे रंग टिकला आणि कॅनच्या पाण्यात उडाला तर दोष कॅनचाच. ते पाणी बॅटरी आणि ऑटोक्लेव्हला चालेल, एचपीएलसी आणि द्रावणांपासून दूर ठेवा.